डावीकडे ओढणारी चेन

सोसलेच्या मठात आराधनेची पंगत बसली होती. वाढपी पानावर सज्जिगे वाढून पुढे गेला. सज्जिगे म्हणजे आपला शिरा. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी त्यातला चिमूटभर उचलला, अंगठ्याने बोटावर घासला, चष्मा कपाळावर ढकलून डोळ्यांजवळ नेला आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "पीठ पडलंय. चेन बोथट!"

वाढपी थबकला. आतून आचारी धावत आला. त्याला वाटलं, साखरेऐवजी मीठ पडलं की काय. गृहस्थ त्याला समजावू लागले, "अय्यो, घाबरू नका हो. उदाहरण सांगत होतो. धार असली की लाकडाचे तुकडे पडतात, जाड, रवाळ. धार गेली की पीठ पडतं. तुमचं सज्जिगे पीठ झालंय, इतकंच." आचारी सोवळ्यात होता आणि हात लावायची सोय नव्हती, म्हणून आम्ही जेवून उठलो.

हे आमचे घरमालक, सेतुमाधवराव. जयलक्ष्मीपुरममध्ये त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको वैशाली भाड्याने राहतो. आम्ही कोल्हापूरचे, नोकरीमुळे म्हैसूरला आलो. सेतुरावांचं घराणं मात्र इथं इतक्या पिढ्यांपूर्वी आलंय की त्यांच्या मराठीत मराठी किती आणि कन्नड किती हे त्यांनाही सांगता यायचं नाही. विमा कंपनीच्या ऑफिसात त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासले आणि निवृत्तीनंतर एकच विषय धरला, चेनसॉची चेन. झाडं कापायचं ते पेट्रोलवर घुरघुरणारं मशीन असतं ना, त्याच्या पट्टीभोवती फिरणारी दातांची साखळी. तिला धार लावणं, ताणून बसवणं, तेल पाजणं आणि ती चालत नसली तर का चालत नाही ह्यावर बोलणं. मुख्यतः बोलणं.

आता तुम्हाला वाटेल, माणसाचा लाकडाचा धंदा असेल, निदान परसात चार झाडं तरी असतील. परसात एक कढीपत्ता आहे. त्याच्या फांद्या ते कात्रीने कापतात. सेतुरावांनी आजवर चेनसॉने एक काटकीसुद्धा कापलेली नाही. पोहायला न शिकता पोहण्याचे वर्ग चालवणारी माणसं मी पाहिली आहेत, पण त्यांना निदान लाज वाटत असते.

कुठल्याही बिघाडाला सेतुरावांचं एक ठरलेलं निदान आहे: "मण्णु." कन्नडात मण्णु म्हणजे माती. चालती चेन मातीला किंवा दगडाला क्षणभर टेकली तरी दातांची टोकं मोडतात, हे खरं आहे. पण सेतुरावांनी ही माती जगभर पसरली. आमचा मिक्सर बंद पडला, "मण्णु." शेजारच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, "कुठंतरी मण्णु मुट्टलंय, बघा तुम्ही." मुट्टलंय म्हणजे लागलंय. मला बढती मिळाली नाही त्या दिवशी ते जिना चढून सांत्वनाला आले, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुमच्या धारेला दोष नाही, देसाई. पण तुम्ही मण्णुत काम करता." ते गेल्यावर वैशाली म्हणाली, भाड्याचं दुसरं घर बघू या.

रस्त्यावर कुठे चेनसॉचा आवाज आला की हे जेवणावरून उठतात. एकदा कोपऱ्यावरच्या पर्जन्यवृक्षाची फांदी विजेच्या तारांवर आली म्हणून माणसं कापायला आली होती. सेतुराव पोचले. खाली पडलेला भुसा उचलून त्यांनी हुंगला. मग काम थांबवून चेन पट्टीपासून चिमटीत धरून खाली ओढली आणि सोडली. "नोडी, बघा, सैल आहे. चटकन परत बसायला पाहिजे. ही बसली काय? लोंबते आहे. सुटून आली तर तोंडावर येईल." कापणारा गडी घामाने भिजलेला, वर दोरीला लटकून उतरलेला. त्याने मशीन सेतुरावांच्या पुढे धरलं आणि म्हणाला, "सार, मग तुम्हीच चढा." सेतुराव दोन पावलं मागे सरले. "मी कापणारा नव्हे," ते ताठपणे म्हणाले, "मी धार करणारा." आणि घरी येऊन गार झालेला भात जेवले.

समोरच्या प्रोफेसरांना तर त्यांनी आयुष्यातून उठवलं. प्रोफेसरांनी हौसेने विजेवरचा छोटा चेनसॉ मागवला आणि पेरूवर चालवला. लाकूड कापेना, नुसता धूर. सेतुरावांनी फाटकातून पाहिलं आणि हसत हसत तिथंच कठड्यावर बसले. प्रोफेसरांनी चेन उलटी चढवली होती. दातांची धार मागे आणि पाठ पुढे. चूक कुणाचीही होते. चेन काढून फिरवून बसवली की मिटलं. सेतुरावांनी ती काढून बसवली, आणि पुढचा महिनाभर भाजीवाल्यापासून देवळातल्या भटजींपर्यंत प्रत्येकाला प्रोफेसरांची विद्वत्ता ऐकवली. प्रोफेसर आता फिरायला मागच्या गल्लीतून जातात.

ही सगळी विद्या त्यांनी फोनवरच्या व्हिडिओंतून मिळवली. बर्फात उभ्या राहिलेल्या दाढीवाल्या गोऱ्या माणसांचे व्हिडिओ. ते गोरे जे सांगतील ते सेतुराव म्हैसुरात जसंच्या तसं करतात. थंडीत तेल घट्ट होतं म्हणून पातळ तेल वापरा, असं एका दाढीवाल्याने सांगितलं. झालं, डिसेंबर लागला की सेतुराव माकडटोपी घालतात आणि चेनचं तेल बदलतात. म्हैसूरच्या थंडीत आमचं खोबरेल तेलसुद्धा जेमतेम गोठतं.

पण माणूस कामाला बसला की बघत राहावं असा. पोर्चमध्ये जुन्या टेबलाला शिकंजा ठोकलेला आहे. त्यात पट्टी आवळून, एका हातात चामड्याचा मोजा घालून, गोल कानस आतून बाहेर, फक्त पुढे ढकलायची. परत आणताना उचलायची, घासत आणायची नाही. प्रत्येक दाताला सारखे हात. एक बाजू झाली की खुर्ची उचलून टेबलाच्या पलीकडे जायचं आणि दुसरी बाजू. मध्ये कुणी बोललेलं चालत नाही. पोस्टमनसुद्धा पत्र कुंडीत ठेवून जातो. सगळे दात झाले की ते व्हर्नियर घेऊन डावे-उजवे दात मोजतात, कारण एका बाजूचे दात आखूड झाले तर चेन लांब दातांच्या बाजूला ओढते आणि काप वाकडा जातो. हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

एवढी धार कुणासाठी, असं तुम्ही विचाराल. राघूसाठी.

राघवेंद्र हा त्यांचा एकुलता एक मुलगा. चांगली कॉम्प्युटरची नोकरी होती. ती सोडून त्याने एच. डी. कोटे ह्या तालुक्याच्या गावापुढे जमीन घेतली. आल्याचं पीक आणि बांधावर सिल्व्हर ओकची झाडं. सेतुरावांनी त्या वेळी जे बोलायचं ते बोलून घेतलं. काय बोलले ते मला कळलं नाही, पण त्यांचा बोलण्याचा झपाटा माहीत असल्याने कल्पना करता येते. त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद. मधल्या मधे दोघांनाही दोघांच्या खबरी पोचवणारी राघूची आई होती, ती वारली. दिवस झाल्यावर राघू निघून गेला तो गेलाच.

मग एकदा तो काही कामाने म्हैसूरला आला. गाडीत बोथट झालेली चेन होती, बाजारात धार लावायला द्यायची होती. घरात आला तर दोघांनाही बोलायला काही सापडेना. शेवटी सेतुरावांनी विचारलं, "ते काय आहे?" राघू म्हणाला, "चेन. धार गेलीय." "ठेव. मी बघतो," सेतुराव म्हणाले. तोवर त्यांनी चेनसॉ जवळून पाहिलेलाही नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी पहिला दाढीवाला लावला. हे मला नंतर राघूनेच सांगितलं.

तेव्हापासून राघूकडे दोन चेन आहेत. महिन्यातल्या एखाद्या रविवारी तो बोथट झालेली आणतो आणि धार लावलेली घेऊन जातो. देणंघेणं पोर्चमध्येच. "पीठ पडत होतं?" "हो, शेवटी शेवटी." "मण्णु मुट्टवलास काय?" "एकदाच." "एकदाच म्हणे!" एवढं झालं की गाडी सुरू होते. ह्या चार वाक्यांसाठी सेतुराव शनिवारपासून दाढी करून तयार असतात. एखादा महिना राघू आला नाही की त्या महिन्यात घरात राहणं अवघड होतं. पाण्याची टाकी भरल्याबद्दलसुद्धा बोलणी खावी लागतात.

मागच्या दसऱ्याला राघूने अख्खं मशीनच सर्व्हिसला आणून ठेवलं होतं. आयुधपूजेला म्हैसुरात काय होतं ते सांगायला नको. सायकलपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना गंध आणि हार. सेतुरावांनी चेनसॉला पाटावर बसवलं, दाताच्या प्रत्येक फटीत गंध भरलं, वर कुंकू, आणि शेवंतीची माळ पट्टीला गुंडाळली. वैशालीने विचारलं, "अहो काका, हे सगळं आत जाणार नाही का?" तिला उत्तर मिळालं की बायकांनी मशीनच्या गोष्टीत पडू नये. राघू मशीन घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, धूर येतोय. सेतुरावांनी फोनवर सगळी निदानं केली. पेट्रोल, ताण, हात, मण्णु. राघू मशीन घेऊन परत आला. उघडून बघतात तर तेलाचं भोक गंधाने लिंपलेलं, आणि माळेचा दोरा पट्टीच्या खाचेत पक्का बसलेला. चेनला तेलाचा थेंब पोचत नव्हता.

इतरांच्या उलट्या चेनवर महिनाभर हसणारा हा माणूस मला वाटलं आता आठवडाभर तोंड दाखवणार नाही. पण सेतुराव प्रसन्न होते. दोरा चिमट्याने ओढून काढायला दुपार गेली, तोवर राघू पोर्चमध्ये बसून होता. आठवड्याने पुन्हा थोडा धूर आला, राघू पुन्हा आला. त्या महिन्यात तो इतक्यांदा आला की सेतुराव माझ्याशी चक्क क्रिकेटवर बोलले.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी वर गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. खाली सेतुराव धार लावून मोकळे झाले होते. व्हर्नियरने मोजूनही झालं. "आयतु," असं स्वतःशीच म्हणाले. म्हणजे झालं. मग त्यांनी फाटकाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा कानस उचलली आणि फक्त उजव्या दातांना एकेक हात जास्त मारला. सगळ्या उजव्या दातांना. मोजलं नाही. चेन कागदात गुंडाळून ठेवून दिली.

मी वैशालीला सांगितलं, म्हातारा चुकायला लागला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चुकत नाहीये. चेन बिघडली की मुलगा येतो. तुम्हाला एवढं कळत नाही?"

मला कळलं, आणि खरं सांगायचं तर रागच आला. मुलाला ये म्हणायला तोंड उघडायचं नाही, त्यापेक्षा लोखंड घासत बसायचं! पण भाडेकरूने किती बोलायचं ह्याला मर्यादा असते.

युक्ती चालली. राघू महिना भरायच्या आत येऊ लागला. "अण्णा, डावीकडं ओढतंय." सेतुराव गंभीर चेहऱ्याने चेन उलटीपालटी करत. पट्टी वाकली असेल. तुझा हात भारी पडत असेल. लाकडात गाठ असेल. ठेव, मी बघतो. एकदा तर त्यांनी त्याला कॉफीसुद्धा केली. मी वरून बघत होतो आणि जाम चिडलो होतो.

मग एका रविवारी राघू आला तो थेट आमच्या जिन्यावर. आवाज खाली करून त्याने मला विचारलं, "सर, अण्णांना नीट दिसतं ना? उजवीकडचे दात नेहमी आखूड होतात. हात थरथरतो काय त्यांचा?" त्यांना पेपर बिनचष्म्याचा वाचता येतो, असं मी सांगितलं. त्याहून जास्त सांगायचं धाडस झालं नाही. राघू म्हणाला, "परवा काप डावीकडं फिरला. खोड सरळ जायचं ते वाकडं फुटलं. माझ्या पायाच्या एवढ्या जवळ पडलं." त्याने हात पसरून दाखवलं, ते अंतर काही फार नव्हतं. "कोटेत एकानं धार लावायचं मशीन आणलंय. ह्यापुढं तिथंच देतो. अण्णांना ह्या वयात त्रास कशाला?"

तो खाली गेला. मी जिन्यातच उभा राहिलो. पोर्चमध्ये तो वडलांना तेच सांगत होता, फक्त पायाचं वगळून. सेतुराव एकदम उसळले, "मशीन? मशीननं दात जळतो. निळा पडतो. निळ्या दाताला कानस लागत नाही. काय म्हणून देतोस मशीनला? माझ्या हातात काय कमी आहे?"

"निळा पडू दे, अण्णा. सरळ तरी कापेल."

"सरळ मी करून देतो. ठेव."

"नको," राघू म्हणाला. आणि मग त्याने पायाचं सांगून टाकलं.

  सेतुराव शिकंज्यापाशी गेले, त्याचा दांडा उगाच फिरवला, परत आले. राघूच्या पायाकडे बघत राहिले.

"डोळ्यांना काही झालं नाही रे," ते म्हणाले. "हात पण ठीक आहे. ते मीच केलं."

"काय केलं?"

"उजवीकडचे दात. मुद्दाम घासले. डावे-उजवे सारखे करून मग घासले." मग अगदी हळू, "चेन नीट चालली की तू येत नाहीस."

राघूला ते समजायला वेळ लागला. समजलं तसा त्याचा चेहरा लाल झाला. "अण्णा, पाय गेला असता माझा!"

"हौदू," सेतुराव म्हणाले. खरंय.

"मग फोन करायचा होता ना तुम्ही!"

"फोन करून काय सांगू? चेन कशी आहे म्हणून विचारू?"

राघूने हातातली चेन टेबलावर आपटली. मला वाटलं, आता हा जाईल आणि पुन्हा ह्या फाटकात पाऊल ठेवणार नाही. तो गेलाही फाटकापर्यंत. तिथं पाठ करून उभा राहिला. सेतुराव जागेवरून हलले नाहीत. त्यांचा तो चामड्याचा मोजा अजून हातात तसाच होता.

राघू न वळताच म्हणाला, "चेन मी कोटेतच देणार."

"दे," सेतुराव म्हणाले.

"आणि पुढच्या रविवारी सुम्ने येणार." सुम्ने म्हणजे उगाच, कारण नसताना.

सेतुरावांना हे झेपेना. "सुम्ने? येऊन काय करणार?"

"जेवणार," राघू म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

तो आठवडा सेतुरावांनी भुसा हुंगला नाही. रस्त्यावर मशीनचा आवाज आला तरी उठले नाहीत. शनिवारी सकाळी आमच्या दारात आले. हातात रिकामी पिशवी. मला ओलांडून वैशालीकडे बघत म्हणाले, "बाजारात निघालो होतो. राघूला काय आवडतं ते मला ठाऊक नाही. त्याच्या आईला ठाऊक होतं. तुम्ही फोन करून विचाराल काय? मी विचारायला सांगितलं म्हणून बोलू नका."

वैशालीने तिथंच फोन लावला. सेतुराव भिंतीकडे तोंड करून, कान इकडे देऊन उभे राहिले. वैशाली काही विचारायच्या आत राघूने पलीकडून काहीतरी विचारलं. ती म्हणाली, "हो, इथंच आहेत," आणि फोन त्यांच्या पुढे धरला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.  नुसतं "हलो, हलो" चाललं होतं. मला तिथं उभं राहवेना.  मी गॅलरीत निघालो तेव्हा मागून त्यांचा आवाज ऐकू आला, रोजच्यापेक्षा बराच खालच्या पट्टीतला.

"राघू," ते विचारत होते, "सकाळपासून काही खाल्लंस काय?"